विमा कीं वर्गणी? : शेतकरी कुटुंबांच्या औषधपाण्याची एक हकीकत

शेतकऱ्याच्या घरीं आजार येतो तो मुहूर्त पाहून येत नाहीं. भाताची लावणी चालू असतां घरधनी तापानें अंथरूण धरतो; ऐन कापणींत घरधनीण बाळंतपणांत अडते; आणि हातांत पैसा खुळखुळतो ते दिवस वर्षांतून दोन-तीन महिन्यांपलीकडे नसतात. नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्यास येतो, व त्याच्या आजारपणाचा भार कित्येकदां त्याचा मालक उचलतो. शेतकरी हा आपणच मालक व आपणच मजूर. त्याचा भार उचलावयास तिसरा कोणी नाहीं. म्हणून दवाखान्याचा खर्च उभा राहिला कीं प्रथम घरांतील शिल्लक जाते, मग दागिना जातो, मग बैल, आणि शेवटीं जमिनीचा तुकडा. ज्यांचीं घरें शेतीवाडीवर उभीं राहिलीं आहेत, अशा आमच्या वाचकांस ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको.

ह्या अडचणींतून वाट काढण्यासाठीं निरनिराळ्या देशांतील शेतकऱ्यांनीं जे प्रयत्न केले त्यांपैकीं एकाचा वृत्तान्त येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. उत्सवाच्या अंकांत असा विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु त्यांत एक प्रश्न असा गुंतला आहे कीं, त्याचें उत्तर देतांना आम्ही स्वतः अनेकदां अडखळलों आहों. तो प्रश्न असा : शेजाऱ्यांनीं मिळून आजारपणासाठीं निधि जमविला, तर आधींच आजारी असलेल्या शेजाऱ्यास त्यांत घ्यावें कीं दारांतून परत पाठवावें?

एल्क सिटी हें ओक्लाहोमा संस्थानाच्या पश्चिमेकडील एक लहानसें शहर. भोंवतालचा मुलूख कापसाचा व गव्हाचा. तेथें मायकेल शदीद नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांचा जन्म १८८२ सालीं लेबनॉनमधील मर्जेयून येथें झाला. १८९८ सालीं ते अमेरिकेस आले, दारोदार किरकोळ माल विकून त्यांनीं शिक्षणापुरता पैसा जमविला, आणि १९०७ सालीं सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं खेड्यापाड्यांत वैद्यकी केली. त्या काळीं शेतकरी डॉक्टराकडे येई तो बहुधा रोग हाताबाहेर गेल्यावर. कारण वेळेवर यावें तर फी द्यावयास पैसा नसे, आणि उशिरां आल्यावर खर्च दसपट होई.

१९२९ सालीं शदीदांनीं शेतकऱ्यांपुढें एक योजना मांडिली. दोन हजार शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं ५० डॉलरांचा एक भाग घ्यावा, म्हणजे एक लाख डॉलर उभे राहतील. त्यांतून इस्पितळ बांधावें. तेथील डॉक्टर पगारी असावेत. आणि सभासदांनीं ठरीव वार्षिक वर्गणी भरून आपल्या घरच्या माणसांचे उपचार करून घ्यावेत. इस्पितळाचा मालक कोणी धनिक नव्हे, तर भाग घेणारा शेतकरीच. ओक्लाहोमांतील शेतकरी संघानें ही योजना आपलीशी केली.

काळ मात्र अनुकूल नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला. १९२९ सालीं पौंडामागें सतरा सेंटांच्या आसपास असलेला कापसाचा भाव १९३१ सालीं सहा सेंटांखालीं उतरला. ज्या शेतकऱ्यानें पन्नास डॉलर देण्याचा शब्द दिला होता, त्यास आतां तेवढ्याच पैशांसाठीं तिप्पट कापूस विकावा लागणार होता. तरीही १९३१ सालीं इस्पितळाचीं दारें उघडलीं. अमेरिकेंतील सहकारी तत्त्वावरील पहिलें इस्पितळ म्हणून त्याचें नांव आजही घेतलें जातें.

दुष्काळ व मंदी ह्यांहून मोठें संकट आलें तें समव्यवसायी मंडळींकडून. बेकहॅम जिल्ह्याच्या वैद्यक मंडळाचे शदीद अनेक वर्षांचे सभासद होते. त्यांस काढून टाकावयाचें तर आरोप ठेवावा लागता, चौकशी करावी लागती. तें टाळण्यासाठीं मंडळानें एक विलक्षण युक्ति योजिली : मंडळानें स्वतःसच विसर्जित केलें, आणि कांहीं महिन्यांनीं नव्यानें स्थापना करून शदीदांस तेवढें वगळलें. त्यांची वैद्यकीची सनद काढून घेण्याचेही प्रयत्न झाले. त्यांच्या इस्पितळांत काम करूं पाहणाऱ्या बाहेरगांवच्या डॉक्टरांना संस्थानांत व्यवसायाची परवानगी मिळूं नये म्हणून अडथळे आणले गेले. शेतकरी मंडळी त्यांच्या पाठीशीं उभी राहिली म्हणून इस्पितळ टिकलें. डॉक्टर मंडळींच्या विरोधांत निव्वळ स्वार्थच होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या वैद्याचा पगार सामान्य सभासदांच्या मर्जीवर, तो रोग्यास अप्रिय सत्य सांगेल काय, ही शंका रास्त होती. परंतु शंका विचारणें वेगळें, आणि सभा बरखास्त करून एक माणूस गाळणें वेगळें.

ह्याच १९२९ सालीं टेक्सस संस्थानांतील डॅलस येथें बेलर विद्यापीठाच्या इस्पितळानें शाळांतील शिक्षकांसाठीं एक व्यवस्था सुरू केली होती. शिक्षकानें महिन्यास अर्धा डॉलर भरावा, व वर्षांत २१ दिवसांपर्यंतचा त्याचा इस्पितळांतील खर्च इस्पितळानें सोसावा. ह्या बीजापासून पुढें 'ब्ल्यू क्रॉस' नांवाच्या संस्थांचा विस्तार देशभर झाला. ती पद्धति शहरांत व कारखान्यांत झपाट्यानें पसरली, खेड्यांत पसरली नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. शिक्षकाचा अर्धा डॉलर पगारांतून कापून घेतां येत असे. शेतकऱ्यास पगारच नाहीं, तर कापावयाचें कशांतून? शिवाय खेड्यांतील माणसें विखुरलेलीं. घरोघर फिरून वर्गणी गोळा करण्याचाच खर्च वर्गणीपेक्षां अधिक व्हावयाचा. म्हणून शेतकऱ्यांचा आजारपणाचा निधि जेथें जेथें उभा राहिला, तेथें तो आधींच बांधलेल्या एखाद्या संघाच्या आधारानें राहिला. ही एक गोष्ट ध्यानीं ठेविली म्हणजे पुढील इतिहास सुबोध होतो.

मंदीच्या काळांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें गरीब शेतकऱ्यांस कर्जें देण्यासाठीं जें खातें काढिलें, त्यास १९३७ पासून 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' हें नांव मिळालें. कर्जें थकतात त्याचें एक मोठें कारण आजारपण होय, असें ह्या खात्याच्या लवकरच ध्यानांत आलें. तेव्हां खात्यानें जिल्ह्याजिल्ह्यांतील कर्जदार कुटुंबांचे आरोग्यनिधि उभारिले. कुटुंबानें वर्षारंभीं ठराविक रक्कम भरावी, बहुधा ती कर्जाच्या रकमेंतच धरली जाई. डॉक्टरांनीं आपलीं बिलें त्या निधीकडे पाठवावीं. आणि निधि अपुरा पडला तर सर्व डॉक्टरांनीं त्याच प्रमाणांत कमी पैसे घ्यावे. नफ्याची आशा नाहीं, तसेंच बुडण्याचें भयही नाहीं, अशी ही साधी रचना होती. १९४२ च्या सुमारास सहा लाखांहून अधिक माणसें तिच्या छायेखालीं होतीं. तितकी मोठी योजना कोणत्याही विमा कंपनीनें ग्रामीण भागांत तोंवर चालविली नव्हती.

आणि तरी ती टिकली नाहीं. ह्या ठिकाणीं आमच्या कथेचा मुख्य नायक प्रवेश करितो, तोही कांहींशा विपरीत वेषांत. 'फार्म ब्यूरो' नांवाची संस्था प्रथम १९११ सालीं न्यूयॉर्क संस्थानाच्या ब्रूम जिल्ह्यांत निघाली. शेतकऱ्यांस सुधारलेल्या लागवडीचें ज्ञान द्यावें एवढाच तिचा मूळ हेतु. १९१९ सालीं अशा संस्थांचा राष्ट्रीय संघ झाला, आणि १९२१ सालीं टेनेसी संस्थानांत त्याची शाखा स्थापन झाली. ह्या संघाचा कल मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांकडे होता. गरीब कुळांस थेट मदत देणारें सरकारी खातें त्यास आवडलें नाहीं, व महायुद्धाच्या वर्षांत त्यानें त्या खात्याविरुद्ध कायदेमंडळांत जोराची खटपट केली. १९४६ सालीं तें खातें मोडण्यांत आलें, आणि त्याबरोबर आरोग्यनिधीही विरून गेले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४७ सालीं, टेनेसीच्या फार्म ब्यूरोनें 'टेनेसी रूरल हेल्थ इम्प्रूव्हमेंट असोसिएशन', अर्थात् ग्रामीण आरोग्यसुधारणा मंडळ, स्थापन केलें. ज्यांनीं एक आसरा पाडण्यास हात लाविला, त्यांसच दुसरा उभारण्याची गरज भासावी, हा योगायोग खासच विचार करावयास लावणारा आहे. टीकाकार ह्यास ढोंग म्हणतील. आम्हांस वाटतें कीं त्या मंडळींचा विरोध मदतीस नसून सरकारच्या हातास होता. सभासदानें सभासदास मदत करावी, हें त्यांस मान्य होतें.

आतां कायद्याचा भाग थोडा सांगितलाच पाहिजे, कारण सर्व गोष्टीची किल्ली त्यांत आहे. अमेरिकेंत विम्यावर देखरेख कोणी करावी, मध्यवर्ती सरकारनें कीं त्या त्या संस्थानानें, हा वाद जुना. १९४४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, विमा हा संस्थानासंस्थानांमधील व्यापार होय. म्हणजे तो मध्यवर्ती सरकारच्या कक्षेंत आला. संस्थानें खवळलीं. लगेच १९४५ सालीं मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून मध्यवर्ती कायदेमंडळानें ही देखरेख पुन्हां संस्थानांच्याच हवालीं केली. ह्याचा अर्थ असा झाला कीं, विमा कशास म्हणावें व कशास म्हणूं नये, हें बव्हंशीं संस्थानच ठरवूं लागलें. १९९३ सालीं टेनेसीच्या कायदेमंडळानें ह्या अधिकाराचा उपयोग केला. अशा शेतकरी संस्थेनें आपल्या सभासदांस दिलेलें आरोग्यसंरक्षण हा 'विमा' नव्हे, असें त्यानें कायद्यांतच लिहून टाकिलें.

शब्दाचा हा खेळ वरवर निरुपद्रवी दिसतो. सभासद वर्गणी भरतो, आजारी पडला तर मंडळ इस्पितळाचें बिल देतें. त्यास विमा म्हणा कीं न म्हणा, रोग्यास काय त्याचें? परंतु ज्यास विमा म्हणतात त्याच्यामागें कायदा एक शिपाई उभा करितो. कंपनीजवळ पुरेशी गंगाजळी आहे कीं नाहीं, हप्ता न्याय्य आहे कीं नाहीं, दावा नाकारला तर विमेदारानें दाद कोठें मागावी, हें सर्व तो शिपाई पाहतो. विमा नव्हे म्हटलें कीं शिपाई निघून गेला. उरला तो सभासदाचा आपल्या संघावरील विश्वास. टेनेसीची संस्था इतकीं वर्षें चालली आहे, तेव्हां तो विश्वास तेथें अगदींच अस्थानीं नव्हता, हेंही कबूल केलें पाहिजे.

खरी कसोटी आली ती १७ वर्षांनीं. २३ मार्च १९१० नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१० सालच्या त्याच दिवशीं अध्यक्ष ओबामा ह्यांनीं आरोग्यविम्याच्या मोठ्या कायद्यावर सही केली. (शतकाचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला, रूझवेल्टांनीं १९१२ च्या निवडणुकींत हा विषय काढल्यापासून तो देश त्याच प्रश्नाभोंवतीं घिरट्या घालीत होता.) ह्या कायद्याप्रमाणें १ जानेवारी २०१४ पासून वैयक्तिक विमा विकणाऱ्या कंपनीस पूर्वीच्या आजाराच्या सबबीवर कोणासही नाकारतां येईना, अथवा आजारी म्हणून अधिक हप्ता घेतां येईना. परंतु हा नियम लागू होता तो संस्थानाच्या विमा कायद्याखालीं परवाना घेतलेल्या कंपन्यांस. टेनेसीचें मंडळ तर कायद्यानेंच विमा कंपनी नव्हतें! त्यामुळें तें अर्जदारास पूर्वीप्रमाणें प्रकृतीचे प्रश्न विचारीत राहिलें, आणि उत्तरें पसंत न पडल्यास अर्ज नाकारीत राहिलें. एकदां घेतलेल्या सभासदास पुढें आजार जडला म्हणून काढीत नाहीं, एवढें आश्वासन तें देतें. निरोग्यांचीच निवड झाल्यामुळें त्याचा हप्ता बाजारांतील विम्याहून बराच कमी राहिला.

सुरुवातीस अशा सभासदांस एक भुर्दंड पडे. नव्या कायद्याप्रमाणें प्रमाणित विमा न घेणाऱ्यास कर भरावा लागे, आणि मंडळाच्या ह्या योजना प्रमाणित धरल्या जात नसत. २०१७ च्या करकायद्यानें हा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. तोंच इतर संस्थानांतील फार्म ब्यूरोही जागे झाले. आयोवा संस्थानांत वैयक्तिक विम्याचा बाजार मोडकळीस येऊन २०१८ सालीं एकच कंपनी उरली होती. त्याच वर्षीं तेथील कायदेमंडळानें टेनेसीचा कित्ता गिरविला. २०१९ सालीं कॅन्सस संस्थानानें तसाच कायदा केला, राज्यपालांच्या सहीवांचून. २०२० सालीं इंडियाना आणि २०२१ सालीं साऊथ डकोटा व टेक्सस हीं संस्थानें त्याच वाटेनें गेलीं.

ह्या कायद्यांसाठीं जे शेतकरी कायदेमंडळापुढें आले त्यांचें म्हणणें सहज दूर सारण्याजोगें नव्हतें. सरकारी सवलत मिळे ती ठराविक उत्पन्नाच्या आंत असणाऱ्यांस. शेतकऱ्याचें उत्पन्न एका वर्षीं मर्यादेखालीं, तर दुसऱ्या वर्षीं चांगलें पीक आलें म्हणून मर्यादेवर. आणि मर्यादा ओलांडली कीं सर्व सवलत एकदम जाई. २०२१ सालीं ही मर्यादा तात्पुरती सैल करण्यांत आली. तोंपर्यंत पुष्कळ कुटुंबांत नवरा शेत पाही व बायको केवळ विम्यासाठीं गांवाबाहेर नोकरी करी. कांहींजण विम्यावांचूनच राहात. अशांस निम्म्या पैशांत जें संरक्षण मिळेल तें कां मिळूं देऊं नये, असा त्यांचा प्रश्न होता.

विरुद्ध पक्षाचा प्रश्नही तितकाच टोंकदार होता. धडधाकट माणसें ह्या दारानें बाहेर पडलीं कीं विम्याच्या मोठ्या घरांत मागें राहतात ते मधुमेही, हृद्रोगी, कर्करोगी. मग त्यांचा हप्ता चढतो, आणि तो चढला कीं आणखी धडधाकट बाहेर पडतात. शिवाय मंडळाचा सभासद होण्यास नांगर धरावाच लागतो असें नाहीं. अल्पशी वार्षिक वर्गणी भरून शहरांतील दुकानदारही फार्म ब्यूरोचा सभासद होतो. आणि ज्याच्या मुलास जन्मतः व्याधि आहे असा खराखुरा शेतकरी मात्र नाकारला जाऊं शकतो. शेतकऱ्याच्या नांवानें मागितलेली सवलत शेतकऱ्यास नाकारावी व दुकानदारास द्यावी, हें आम्हांस तरी बरें दिसत नाहीं. पण त्याचबरोबर हेंही खरें कीं, ज्यांनीं टीका केली त्यांनीं त्या मधल्या उत्पन्नाच्या शेतकऱ्यापुढें दुसरें ताट वाढून ठेविलें नव्हतें.

आपल्या देशांत हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेनें हाताळला गेला आहे, त्याचीं दोन उदाहरणें देऊन हा लेख आवरतों.

पहिलें आपल्या महाराष्ट्रांतलें. वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानें, डॉ. उल्हास जाजू ह्यांच्या पुढाकारानें, गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत आसपासच्या खेड्यांत आरोग्याची एक व्यवस्था चालविली. तेथें वर्गणी नाण्यांत नव्हे, ज्वारींत घेतली जाई, आणि तीही सुगीच्या वेळीं, म्हणजे घरांत दाणा असतांना. भूमिहीनानें थोडी द्यावी, जमीनवाल्यानें जमिनीच्या मानानें अधिक द्यावी. एकेकट्या कुटुंबास सामील होतां येत नसे. गांवांतील बहुसंख्य घरें आलीं तरच तें गांव घेतलें जाई. ह्या एका अटीनें अमेरिकेंतील सारा पेंच सुटतो, हें वाचकांच्या लक्षांत येईल. सगळें गांव आलें म्हणजे त्यांत आजारी व धडधाकट दोघेही आपोआप आले. प्रकृतीचे प्रश्न विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. अर्थात् अशी अट एका खेड्यांत चालते. संबंध संस्थानास ती कशी लावावी, हें कोणीं सांगितलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण शेजारच्या कर्नाटकांतील 'यशस्विनी' योजनेचें. बंगळूरचे हृदयशस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. देवी शेट्टी ह्यांची ती कल्पना. कर्नाटकांत दूधसंस्था, पतसंस्था अशा सहकारी संस्थांचें जाळें गांवोगांव पसरलेलें. त्यांचे सभासद हेच योजनेचे सभासद. जून २००३ मध्यें ती सुरू झाली तेव्हां वर्गणी माणशीं वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्यास पांच रुपये होती, आणि पहिल्याच वर्षीं सुमारें १६ लाख लोक सामील झाले. मध्यें विमा कंपनी नव्हती. पैसा एका सार्वजनिक न्यासाकडे जाई, व सरकारही त्यांत भर घाली. शस्त्रक्रियेचा खर्च ठरीव मर्यादेपर्यंत दिला जाई. साध्या तापाखोकल्याचा नाहीं. पूर्वीचा आजार म्हणून कोणास वगळलें जात नसे.

पुढें जमाखर्चाचा मेळ बसेना. वर्गणी दुप्पट, म्हणजे १२० रुपये करावी लागली, तशी सभासदांची संख्या घटली. सरकारचा हात सुटता तर योजना उभी राहती ना. २०१८ सालीं ती सरकारच्या 'आरोग्य कर्नाटक' ह्या सर्वसाधारण योजनेंत विलीन करण्यांत आली, आणि सहकारी सभासदांची वेगळी ओळख पुसली गेली. परंतु मागणी थांबली नाहीं. २०२२ सालीं कर्नाटक सरकारनें 'यशस्विनी' पुन्हां जाहीर केली, आणि गांवोगांवच्या सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांत शेतकऱ्यांचीं नांवें पुन्हां नोंदविलीं जाऊं लागलीं.